काहून म्हणजे फुटाणे

आमच्या मुलाला एकच शब्द येतो आणि तो चुकीचा आहे. म्हणजे शब्द बरोबर आहे, उच्चारही स्वच्छ आहे, पण अर्थ त्याने स्वतःचा लावला आहे. शब्द आणि अर्थ यांचं नातं हा केवळ लोकांनी मान्य केलेला संकेत असतो, हे वाक्य मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ते वाक्य कधी माझ्या घरात माझ्यापेक्षा उंच होऊन हिंडेल, याची मला कल्पना नव्हती.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे आणि ती, डॉक्टरांच्या भाषेत, तीव्र स्वरूपाची आहे. स्वमग्न हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी बहुधा एखादा कवी डोळ्यांसमोर ठेवला असावा. आमचा मुलगा कुकरची शिट्टी झाली की कपाटावर डोकं आपटतो. बिनसलं की स्वतःचं मनगट चावतो. डाव्या मनगटावरचं कातडं त्यामुळे टाचेसारखं जाड झालं आहे. दोघांनी धरल्याशिवाय त्याची नखं कापता येत नाहीत. तो पांढरा भात खातो, फुटाणे खातो आणि भिंतीचा पोपडा सुटलेला दिसला तर तोही खातो. शौचाला जायचं आहे हे त्याला कधी आधी कळतं, कधी नंतर. यात मग्न कुणी असेलच तर आम्ही सगळे आहोत.

लोक आम्हाला विशेष पालक म्हणतात. एका सत्काराच्या वेळी व्यासपीठावरून सांगण्यात आलं, की अशा मुलांसाठी देव आईबाप खास निवडतो. निवडीचे निकष विचारावेत असं मनात आलं होतं, पण माझ्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हाताने मी मुलाच्या तोंडातून शालीची झालर काढत होते.

तर शब्दाबद्दल.

मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी सल्ला दिला, की घरात एकच भाषा ठेवा. भाषांच्या सरमिसळीत मूल गोंधळतं. आमच्या घरात किती भाषा आहेत याचा तोवर कुणी विचार केला नव्हता. नवरा मौद्याच्या वीज केंद्रात आहे. ड्यूटीवरून आला की बराच वेळ हिंदीतच बोलायचा आणि जेवायला बसला की वऱ्हाडीवर यायचा. सासरे, म्हणजे मामाजी, जन्मात वऱ्हाडीशिवाय काही बोलले नव्हते. मी वर्गात प्रमाण मराठी आणि भाजीवाल्याशी नागपुरी. एकच ठेवायची तर कोणती, यावर आम्ही बसून चर्चा केली आणि अशा चर्चेत जे होतं तेच झालं. पुस्तकात असते ती भाषा जिंकली.

मग काही दिवस आमचं घर आकाशवाणीचं केंद्र झालं. "तुला पाणी हवे आहे का?" नवरा विचारायचा आणि मुलगा पंख्याकडे बघत राहायचा. नवऱ्याला सर्वांत जड गेला तो 'ला'. 'मले'चं 'मला' करताना तो दरवेळी आवंढा गिळायचा, औषध घेतल्यासारखा. मामाजींनी तर दोनच दिवस प्रयत्न केला. ते नोकरीत असताना उमरेड-नागपूर गाडीवर कंडक्टर होते. गाडीच्या मागच्या टोकाला उभं राहून ड्रायव्हरला हळूच काही सांगितलं तरी ते पुढच्या थांब्यावरच्या माणसाला कळावं, असा त्यांचा आवाज. त्या आवाजात ते म्हणाले, "सूनबाई, मला चहा हवा आहे," आणि दुसऱ्याचे कपडे घालून लग्नाला आल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी आता बोलतच नाही वं. पोट्टं बोलाले लागू दे, मंग बोलतो." आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुपारी मी कॉलेजात, नवरा मौद्याला, आणि मुलगा शाळेतून आला की व्हरांड्यात मामाजींजवळ. त्या दुपारच्या वेळी घरात कोणती भाषा चालते याची तपासणी करायला कुणी नव्हतं.

एका रविवारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मामाजी बाहेर गेले होते. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला. सहसा तो समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो. माझ्या कमरेकडे कुठेतरी बघत तो म्हणाला, "काहून."

काहून म्हणजे वऱ्हाडीत 'का'. लाल पेन हातातून गळून पडलं वगैरे काही झालं नाही. मी "काय?" म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "काहून." मी उठले, नवऱ्याला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती.

"तो बोलला."

"कोण?"

"आपला पोरगा. बोलला तो."

"काय बोलला?"

"काहून."

"अवं काहून म्हणजे? मले कळाले नको, काय बोलला तर?"

"काहून बोलला."

"तो काहून बोलला ते मले काय माहीत? घरी तू आहे. काय बोलला ते सांग ना."

"अहो, काहून. काहून हा शब्द बोलला."

मग नवरा म्हणाला, "अन् आपल्या प्रमाण मराठीचं काय झालं?"

वाचा-उपचारवाल्या बाईंनी मला पहिल्या शब्दांची यादी दिली होती. आई, दे, पाणी, नको, असे शब्द तिच्यात होते. त्यातला एकही न घेता मुलगा एकदम 'का' या प्रश्नावर जाऊन पोहोचला होता आणि तोही गावाकडच्या वाटेने. नातेवाइकांत बातमी पसरली. एक दूरचे काका म्हणाले, हा मागच्या जन्मी ऋषी असणार. मागच्या जन्मी ऋषी असलेल्या माणसाला या जन्मी पॅन्ट का घालावीशी वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. कदाचित त्यातच उत्तर असेल.

आम्ही मात्र प्रामाणिकपणे उत्तरं द्यायला लागलो. तो "काहून" म्हणाला, की मी सांगायची, "कारण भात अजून गरम आहे." नवरा सांगायचा, "कारण बाहेर ऊन आहे, बेटा, आता नाही जायचं." मुलगा ऐकून घ्यायचा, पुन्हा म्हणायचा, "काहून." आम्ही आणखी खोलात जायचो. सूर्य, पृथ्वी, विदर्भाचं हवामान. शेवटी तो मनगट चावायला लागायचा आणि आम्हाला वाटायचं, उत्तर पटलं नाही.

मग मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला उमरेडला, माझ्या नणंदेकडे, राहायला गेले. त्या दिवसांत मुलाने प्रश्न विचारून आम्हाला जेरीस आणलं. सकाळी उठल्यापासून काहून. माझ्या ओढणीत हात घालायचा, कमरेशी चाचपायचा, नवऱ्याचा शर्ट ओढायचा, आणि काहून, काहून. आम्ही उत्तरं देऊन थकलो. मामाजी डोळ्यांवर काळा चष्मा लावून परत आले, फाटकातून आत शिरले, आणि मुलाने थेट जाऊन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. मूठभर फुटाणे बाहेर आले. घर शांत झालं.

"याले फुटाणे पायजे होते," मामाजी म्हणाले. "तुम्ही उपाशी ठेवलं का काय पोट्ट्याले?"

"मग तो 'काहून' काहून म्हणतो?" नवऱ्याने विचारलं.

"मी देताना तेच म्हणतो ना त्याले. काहून गा, पायजे? असं म्हणतो अन् देतो. त्यानं तेवढंच उचललं."

म्हणजे इतके दिवस फुटाणे मागणाऱ्या मुलाला आम्ही पृथ्वीचं परिभ्रमण समजावून सांगत होतो. नवरा हसत सुटला. मी हसले नाही, पण त्याला शब्द आला त्या दिवसापेक्षा मला जास्त आनंद झाला. प्रश्न काय, पोपटही विचारतो. हा माणसाकडे जाऊन, आवाज काढून, स्वतःला हवं ते मागत होता. दहा वर्षं मी याचीच वाट बघत होते. वाटेत अर्थाची थोडी अदलाबदल झाली होती, तेवढं चालणार होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात काहून म्हणजे फुटाणे. खरोखरच 'का' विचारायचं असलं तर आम्ही 'का' म्हणतो, आणि अशा रीतीने त्या बाईंचा प्रमाण मराठीचा सल्लाही सार्थकी लागला.

मुलाची शाळा मनीषनगरात आहे. एका बंगल्यात खाली वर्ग, वर संस्थेचं कार्यालय. सकाळी व्हॅन येते, दुपारी आणून सोडते. शाळेत तो काय शिकतो, असं लोक विचारतात. मणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकतो, भिंतीला धरून चालणाऱ्या एका मुलीच्या मागे चालतो, जेवतो. मुख्य म्हणजे तो जातो. सुट्टीच्या दिवशीही दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभा राहतो, आणि व्हॅन येत नाही म्हटल्यावर मनगट तोंडात घालतो. मामाजी शाळेतल्या त्याच्या जागेला सीट म्हणतात. दर वर्षी जून आला की विचारतात, "सीट पक्की हाये ना वं?"

दोन वर्षांपूर्वी सीट पक्की राहिली नाही. संस्थेचं व्यवस्थापन बदललं होतं आणि नव्या लोकांनी गुणवत्तेचा विषय हाती घेतला होता. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या चांगल्या आहेत, फक्त वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी वाक्य अर्धं सोडतात.

"मॅडम, संस्थेचं म्हणणं आहे, ज्या मुलांचा प्रतिसाद नाही, त्यांना घरआधारित करायचं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांचं शिक्षण घरी होईल."

"घरी कोण येईल शिकवायला?"

"येणार कोणी नाही. तुम्हीच." वर खुर्ची सरकली. "तज्ज्ञ समिती येणार आहे. ती बघेल कोणाचा प्रतिसाद आहे ते. याचा काही शब्द वगैरे आहे का हो?"

मी म्हटलं, एक आहे.

घरआधारित या शब्दाचा अर्थ मला घरी येईपर्यंत उलगडत गेला. नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणजे माझी नोकरी जाणार. मामाजींच्या भरवशावर ठेवावं तर मुलगा आता त्यांच्यापेक्षा आडवा झाला होता. दिवाळीच्या सुमारास त्याने नुसतं बाजूला केलं आणि मामाजींचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. आणि दप्तर लावून फाटकाशी उभा राहणाऱ्या माणसाला, व्हॅन आता कधीच येणार नाही हे कोणत्या भाषेत सांगायचं, ते वाचा-उपचारवाल्या बाईंच्या यादीत नव्हतं.

समिती आली त्या दिवशी शाळेत रांगोळी काढली होती. बैठकीच्या खोलीत तीन खुर्च्यांवर पांढरे टॉवेल अंथरले होते. खुर्चीवर टॉवेल असला की तिच्यावर बसणारा अंघोळीहून आला आहे की निर्णय घ्यायला, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. खोलीत जेमतेम पंधरा माणसं, तरी माइक होता. एक खुर्ची अखेरपर्यंत रिकामी राहिली. तिच्यासमोरचा पुष्पगुच्छ मुलाने नंतर खाल्ला, पूर्ण नाही.

अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी होते. त्यांनी बंद गळ्याचा, पुष्कळ खिशांचा कोट घातला होता. दुसऱ्या सदस्य पुण्याहून आलेल्या भाषातज्ज्ञ बाई, मांडीवर चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या. आमच्या मुलांना टाळ्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणून आम्ही पालकांनी ठरवलं होतं, की टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. अध्यक्षांचं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही सगळ्यांनी हात हलवले. त्यांना वाटलं निरोप देतो आहोत. ते जरा दुखावलेले दिसले, कारण ते अजून बसलेही नव्हते.

भाषण झालं. दिव्यांग या शब्दात दिव्य कसं आहे ते त्यांनी फोड करून सांगितलं. अपंगांचं दिव्यांग झालं तेव्हापासून बंगल्याच्या पायऱ्यांना कठडा बसवायचं राहिलंच आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण सीट जायची होती ती माझी नव्हती.

भाषणानंतर आम्हाला बाहेर बसवून मुलांना एकेक करून आत घेत होते. आमची पाळी आली. आत जाण्याआधी भाषातज्ज्ञ बाईंनी माझी पर्स तपासून फुटाण्यांची पुडी बाहेर ठेवायला लावली. आमिष दाखवलेला प्रतिसाद ग्राह्य धरत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ते आमिष नाही, तो विषय आहे." त्यांना विनोद वाटला.

त्यांनी सफरचंदाचं चित्र दाखवलं. मुलाने कार्ड हुंगलं आणि परत दिलं. बसचं दाखवलं. बस त्याने जमिनीवर ठेवली. "हा काही बोलतो?" त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात मुलाची नजर अध्यक्षांच्या कोटाकडे गेली. त्याने इतके खिसे एका ठिकाणी कधी पाहिले नव्हते. तो उठला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "काहून."

"काय म्हणाला?" भाषातज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"'का' म्हणाला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमच्याकडे 'का'ला काहून म्हणतात, मॅडम."

"मला माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. "मी या भागात सेवा केली आहे." मग मुलाकडे झुकून, माइक बाजूला न करताच, "काय का, बाळ? शाळेत का यायचं, असं विचारतोस?"

"काहून."

"शाळेत आपण शिकतो."

"काहून."

"शिकलं की माणूस स्वावलंबी होतो."

"काहून."

"स्वावलंबी झालं, म्हणजे समाजावर भार पडत नाही."

"काहून."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "भार म्हणजे, त्याचं असं आहे, समाजाची साधनं मर्यादित असतात. सगळ्यांना सगळं पुरत नाही."

"काहून." मुलाचा डोळा डाव्या वरच्या खिशावर होता.

"ते धोरणावर अवलंबून असतं. प्राधान्यक्रम ठरवावे लागतात."

"काहून."

"ठरवत आम्ही नव्हतो," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज माइकमधून जरा चिडका ऐकू आला. "वरून यायचं. आम्ही फक्त राबवायचो."

"काहून."

बाहेर पालकांपैकी कुणीतरी दारातून डोकावलं आणि, काही चांगलं झालं असावं या समजुतीने, दोन्ही हात हलवले. अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले, टॉवेल घसरला.

"माझ्या सबंध सेवेत," ते हळूच म्हणाले, "हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नाही."

भाषातज्ज्ञ बाई भराभर लिहीत होत्या. "आंबा नाही, पाणी नाही, सरळ कार्यकारणभाव," त्या म्हणाल्या. "फार विरळा आहे हे, सर." आणि नेमक्या त्याच क्षणी मुलाने अध्यक्षांच्या डाव्या वरच्या खिशात हात घातला. आत पेन आणि गोळ्यांची एक पट्टी होती. त्याने दोन्ही बघून परत ठेवलं आणि उजवा खिसा चाचपायला घेतला. अध्यक्षांना वाटलं तो बिलगतो आहे. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जो माझ्या मुलाला अजिबात चालत नाही, पण फुटाण्यांसाठी त्याने चालवून घेतला.

मी तिथेच गप्प राहायला हवं होतं. सीट पक्की होत होती. पण माझ्या मुलाने एवढा वेळ, एवढ्या शांतपणे, न चावता, न आपटता, एका अनोळखी माणसाकडे एक गोष्ट मागितली होती, आणि ती कुणी ऐकलीच नव्हती. त्याने आयुष्यात केलेलं सर्वांत लांब संभाषण होतं ते.

"सर," मी म्हटलं, "तो फुटाणे मागतो आहे."

"काय?"

मी सगळं सांगितलं. मामाजी, सदऱ्याचा खिसा, काहून गा पायजे. मुख्याध्यापिकांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

भाषातज्ज्ञ बाईंनी पेन्सिल उलटी करून खोडरबर कागदाला लावलं. "मग हा शब्द धरता येणार नाही. काहूनचा अर्थ फुटाणे होत नाही."

"त्याच्यासाठी होतो. आमच्या घरात होतो. तो म्हणतो, आम्ही देतो. आणखी काय लागतं शब्दाला?"

"पण बाकी कुणाला कळणार नाही ना तो."

"तुम्हालाही काहून माहीत नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, मग कळलं. याचंही मी सांगते आहे."

त्या काही बोलणार होत्या, पण अध्यक्षांनी हात वर केला. त्यांचा चेहरा लालसर झाला होता. आपण सेवाकाळाचा हिशेब दिला तो फुटाण्यांच्या मागणीला, हे मान्य करणं कुठल्याही सनदी अधिकाऱ्याला जड जावं, आणि त्यातून माइक चालू होता.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही आई आहात. मायेपोटी आयांना मुलाची झेप दिसत नाही. फुटाणे तुमच्या मनात आहेत. त्याच्या डोळ्यांत मी प्रश्न पाहिला."

"सर, तो तुमच्या खिशाकडे बघत होता."

"खिशाच्या आत काय आहे, हाच तर मूळ प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते एकदा मुख्याध्यापिकांकडे बघूनही म्हटलं.

माझ्या पायावरचा पाय आणखी दाबला गेला. मी भाषा शिकवते. कुठे थांबायचं हा तिच्यातलाच भाग आहे. मी थांबले. खोडरबर मागे गेलं. समितीने शेरा दिला: विद्यार्थ्याची जिज्ञासा तीव्र स्वरूपाची आहे, सबब एक वर्षासाठी प्रवेश कायम. तीव्र स्वरूपाची स्वमग्नता आम्हाला डॉक्टरांनी दिली होती, तीव्र स्वरूपाची जिज्ञासा समितीने दिली. मधे मुलगा होता तोच होता, आणि बाहेर येताच त्याने माझ्या हातातली पुडी हिसकावून निम्मे फुटाणे रांगोळीवर सांडले.

घरी आल्यावर मामाजींनी विचारलं, "सीट?"

"पक्की झाली."

"काहून म्हणाला का?"

"खूप वेळा."

"अन् त्यायनं देले का?"

"उत्तरं दिली."

मामाजींनी मान हलवली. "म्हणजे उपाशीच ठेवलं," ते म्हणाले आणि खिशात हात घातला.

यानंतर शाळेत थोडी अडचण झाली. शेरा वरून आला असल्यामुळे शिक्षकांना सूचना मिळाली, की मुलाने काहून म्हटलं की त्याला कारण सांगायचं, दुर्लक्ष करायचं नाही. मुलगा दुपारी घरी यायचा तो कारणांनी भरलेला आणि मनगटावर ताजे वळ घेऊन. आठवड्याभराने मुख्याध्यापिकांनी मला दाराशी गाठलं, वरच्या मजल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "फुटाणे खारे घेता की साधे?" आता त्यांच्या कपाटात एक स्टीलचा डबा असतो. खरेदीला शीर्षक लागतं म्हणून डब्यावर चिठ्ठी लावली आहे: जिज्ञासा साहित्य. मुलगा वर्गात काहून म्हणाला, की शिक्षिका आधी एक कारण सांगतात, संस्थेसाठी, आणि मग चार फुटाणे देतात, त्याच्यासाठी. मागच्या पावसाळ्यात भिंतीला धरून चालणारी मुलगीही त्याच्यामागे येऊन काहून म्हणाली. तिलाही मिळाले. म्हणजे बाकी कुणाला कळणार नाही, हा आक्षेपही निकालात निघाला आहे, पण भाषातज्ज्ञ बाईंना ते कळवायला कुणी गेलं नाही.

प्रवेश एक वर्षाचा होता. वर्ष संपत आलं तेव्हा समिती पुन्हा आली, मुलाने पुन्हा खिसे तपासले, आणि अध्यक्षांनी, या खेपेला जरा सावधपणे, दोनच उत्तरं देऊन प्रवेश वाढवला. मात्र अट घातली. प्रगती दिसली पाहिजे. 'का' ही पायरी विद्यार्थ्याने गाठली आहे. पुढच्या वर्षीपर्यंत त्याने 'कसं' या प्रश्नापर्यंत यावं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा नवरा टेबलावर डोकं ठेवून हसला. मामाजी हसले नाहीत. त्यांनी कामाला सुरुवात केली. उजव्या खिशात फुटाणे, डाव्या खिशात शेंगदाणे. उजव्यातलं देताना "काहून गा, पायजे?" आणि डाव्यातलं देताना "कसं गा, पायजे?" रोज दुपारी व्हरांड्यात हा वर्ग चालला. मुलाने पहिला शेंगदाणा तोंडात घातला, बाहेर काढला, मामाजींच्या तळहातावर ठेवला आणि उजव्या खिशाकडे बघून म्हणाला, "काहून." मामाजींनी दाणे भाजून पाहिले, सालं काढून पाहिले, मीठ लावून पाहिलं. मुलगा आता डावा खिसा दिसला की त्यावर हात ठेवून तो बंदच धरतो.

परवा मी कॉलेजातून आले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. मुलाच्या पाठीला दप्तर होतं. सुट्टी होती आणि व्हॅन येणार नव्हती. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "मामाजी, दाणे सोडा. त्याला फुटाणेच आवडतात. तर दोन्ही खिशांत फुटाणेच ठेवा. इकडून देताना काहून म्हणा, तिकडून देताना कसं."

मामाजींनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या चेहऱ्यावर गोळा झाली होती.

"एका सीटले दोन तिकिटं काहून फाडू वं?" ते म्हणाले. "हे कोन्या कायद्यात बसते?"

मुलाने 'काहून' ऐकलं आणि हात पुढे केला.

"फाडा, मामाजी," मी म्हटलं. "कमिटी येऊन राहिली. सीट आपल्याले पायजे."

मामाजींनी डावा खिसा उलटा करून दाणे पायरीवर झटकले, उजव्यातले थोडे फुटाणे डाव्यात टाकले, घसा साफ केला आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कसं गा, पायजे?"